अन्नछत्रातील मिरपूड : तंजावरच्या सार्वजनिक पंगतीचा इतिहास

१

‘अन्नछत्रात जेवणे आणि वर मिरपूड मागणे’ ही म्हण मराठी माणसाला शाळेत असतानाच पाठ होते. फुकट मिळालेल्या घासाबरोबर चवीचाही आग्रह धरणाऱ्याची तिच्यात थट्टा आहे. म्हणीतला उपहास आपण इतक्या सहजपणे उचलतो की, तिच्यामागे एक संस्था उभी आहे, तिला इतिहास आहे, आणि त्या इतिहासात मिरपूड खरोखर कोण मागत होते हा प्रश्न विचारण्याजोगा आहे, याचा आपल्याला विसर पडतो. प्रस्तुत लेखकाला हा प्रश्न पडला तो महाराष्ट्रात नव्हे, तंजावरला.

तंजावरला मराठीचा अभ्यासक जातो तो मुख्यतः सरस्वती महालासाठी. तेथील हस्तलिखिते, मोडी कागद, शहाजीराजांची नाटके, सरफोजीराजांचे ग्रंथप्रेम हे त्याचे नेहमीचे विषय. परंतु अभ्यासकालाही भूक असते, आणि परगावी आलेल्या माणसाची भूक त्याला ग्रंथालयाबाहेरच्या तंजावरात आणून सोडते. राजवाड्याच्या भोवतीच्या जुन्या राजवीथी, स्थानकापासून निघणारा गांधीजी रस्ता, बसस्थानकाच्या आसपासचे बोळ, या सर्वांतून ‘मील्स रेडी’ असे फलक दिसतात. शनिवार-रविवारी त्यांच्या दारांशी गर्दी होते. तिरुच्चिरापळ्ळीहून, कुंभकोणमहून, आसपासच्या तालुक्यांतून कुटुंबेच्या कुटुंबे सकाळी बृहदीश्वराचे मंदिर पाहतात आणि दुपारी केळीच्या पानावर जेवून, पेला-डबऱ्यातली वाफाळती कॉफी पिऊन परततात. १९८७ मध्ये या मंदिराचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाल्यापासून दूरदूरच्या प्रवाशांची भरही या गर्दीत पडत गेली आहे.

या गर्दीत मराठी प्रवासी चटकन ओळखू येतो. सांबाराची वाटी पुढे आली की तो सोबत्यांना एक गोष्ट सांगतो. तंजावरच्या राजाकडे संभाजी महाराज पाहुणे म्हणून आले, आमटीत घालायला आमसूल नव्हते, म्हणून चिंच घातली गेली, आणि पाहुण्यांच्या नावावरून त्या आमटीला ‘सांबार’ म्हणू लागले! गोष्ट गोड आहे, पण इतिहासाच्या ताटात ती वाढता येत नाही. एकोजीराजांचे पुत्र शहाजी १६८४ मध्ये गादीवर आले आणि १६८९ मध्ये संभाजीराजांचा अंत झाला. मधली पाच वर्षे संभाजीराजांच्या अखंड धामधुमीची होती. त्या वर्षांत ते कावेरीकाठी जेवायला बसल्याची समकालीन नोंद पुढे आलेली नाही. शिवाय ‘संभार’ म्हणजे सामग्री, जुळवाजुळव, हा संस्कृत शब्द भाषांना आधीपासून ठाऊक होता. आपल्याकडे विदर्भात तर कोथिंबिरीलाच सांबार म्हणतात. एका शब्दासाठी एका राजाला एवढा प्रवास घडवण्याचे कारण नाही.

तरीही या गोष्टीत एक खरी ओढ आहे. परक्या गावच्या पानावर आपली खूण शोधण्याची ही ओढ आहे, आणि अशा खुणा तंजावरच्या पानावर नाहीत असेही नाही. उडदाच्या पिठाची दह्यातली डांगर पच्चडी तेथील घरांत होते. आपले डांगर तिच्या नावातच आहे. वांग्याच्या ‘रसवांगी’त वांगे लपलेले नाही. ‘पिट्लै’ या पदार्थाचे नाते पिठल्याशी जोडले जाते, जरी तो आपल्या पिठल्यासारखा मुळीच लागत नाही. रघुनाथ गणेश नवहस्त यांचा ‘भोजनकुतूहल’ हा सतराव्या शतकातला संस्कृत ग्रंथ एकोजीराजांच्या राणी दीपाबाई यांच्या आश्रयाशी निगडित आहे, हे प. कृ. गोडे यांनी दाखवून दिले. सरफोजींच्या नावाचे ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ मराठीत आहे, आणि त्यात इंग्रजी धर्तीच्या पदार्थांनाही जागा मिळाली आहे. ज्याला मराठी चवीचा इतिहास लिहायचा आहे त्याला तंजावर टाळता येणार नाही.

परंतु चवीचा इतिहास निराळा आणि पंगतीचा इतिहास निराळा. घराबाहेर पडलेला माणूस अनोळखी माणसांबरोबर कोठे जेवतो, कोणाच्या हातचे जेवतो, त्याला कोठे बसवले जाते, आणि त्याला काही मागता येते की नाही, हा पंगतीचा इतिहास होय. तंजावरच्या मराठ्यांची सर्वांत खोल खूण मला या दुसऱ्या इतिहासात दिसते. ती खूण म्हणजे त्यांची छत्रे.

२

एकोजीराजांनी तंजावर घेतले ते १६७५-७६ च्या सुमारास, आणि दुसऱ्या शिवाजीराजांच्या निधनानंतर १८५५ मध्ये ते राज्य संपले. या पावणेदोनशे वर्षांत राजघराण्याने वाटसरूंसाठी छत्रांची एक मालिकाच उभारली. तमिळमध्ये त्यांना ‘चत्तिरम्’ म्हणतात. त्यांतल्या अनेक छत्रांना राजघराण्यातल्या स्त्रियांची नावे आहेत. नीडामंगलम् येथील छत्र प्रतापसिंहराजांच्या राणी यमुनाबाईंच्या नावाचे, तर तंजावरच्या दक्षिणेस वीसेक किलोमीटरवर ओरत्तनाडु येथे सरफोजींनी आपल्या प्रिय मुक्ताम्बा यांच्या स्मरणार्थ १८०२ मध्ये छत्र बांधले. तंजावरहून दक्षिणेकडे जाणारी वाट रामेश्वरच्या यात्रेची होती. काशीहून निघालेला पायी यात्रेकरू महिनोन्‌महिने चालून या वाटेला लागत असे, आणि त्याच्या दृष्टीने छत्र म्हणजे दिवसाच्या अखेरीस मिळणारा हमखास घास होता.

या छत्रांचे सर्वांत तपशीलवार वर्णन स्वतः सरफोजींनीच दिले आहे, आणि ते ज्या प्रसंगी दिले तो प्रसंगही लक्षात घेण्याजोगा आहे. १७९८ मध्ये ते गादीवर आले आणि १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजाकडे किल्ला, एक लाख होनांची नेमणूक आणि वसुलातला पाचवा हिस्सा उरला. ज्याचे सैन्य गेले, न्याय गेला, वसूल गेला, असा हा विशीतला राजा १८०१ च्या जानेवारीत कंपनीचा रेसिडेंट बेंजामिन टोरिन याला पत्र लिहितो. त्यात तो आपल्या पूर्वजांची छत्रे आपल्याच हाती राहू द्यावीत अशी विनंती करतो. राज्य गेलेल्या राजाने स्वयंपाकघरांसाठी केलेली ही विनवणी आहे, आणि ती करताना छत्रात नेमके काय चालते ते तो सांगतो.

त्याच्या सांगण्याचा आशय असा : ब्राह्मणापासून परैयापर्यंत, जोगी, जंगम, बैरागी यांच्यासह, येणाऱ्या प्रत्येक वाटसरूला जातीचा भेद न करता शिजलेला भात मिळतो. ज्याला शिजलेले चालत नाही त्याला तितकेच तांदूळ कोरडे मिळतात, सोबत मसाल्याचे जिन्नसही मिळतात. हे वाटप मध्यरात्रीपर्यंत चालते. मग घंटा वाजते आणि पुकारा होतो, की कोणी जेवायचे राहिले असेल तर त्याने यावे. छत्रात वेदांचे अध्यापक असतात, पंतोजी असतो, विषावर आणि सुजेवर औषध जाणणारा वैद्य असतो. परक्या वाटसरूंची पोरकी मुले पंतोजीच्या हवाली होतात. त्यांना दिवसातून तीनदा जेवण आणि चार दिवसांतून एकदा तेल लावून न्हाणे मिळते, त्यांच्या आवडीची विद्या शिकवली जाते, आणि पुढे त्यांच्या लग्नाचा खर्चही होतो. आजाऱ्याला बरे होईपर्यंत औषध व पथ्य मिळते. मेलेल्याची उत्तरक्रिया त्याच्या जातीच्या रीतीने होते. तान्ह्या मुलांना दूध मिळते. वाटेत बाळंत झालेल्या स्त्रीला तीन महिने राहता येते.

पत्र विनंतीचे आहे, त्यामुळे त्यात संस्थेचे गुण उजळून सांगितले असणार हे गृहीत धरले, तरी त्यातली घंटा विसरता येत नाही. सत्तेच्या कागदपत्रांत आपण घंटा ऐकतो ती पहाऱ्याची किंवा वेशीचे दार बंद करण्याची. ही घंटा उरलेल्या भुकेल्याला बोलावण्यासाठी वाजते. ज्या राजाच्या आज्ञेने १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरले गेले, त्याच राजाच्या या पत्रात वंशाचा अभिमान मात्र भाताच्या हंड्यावर टेकलेला आहे. माझ्या मते भिंतीवरच्या लेखाइतकेच हे पत्रही भोसले घराण्याचे चरित्र आहे.

३

आता त्या पत्रातल्या एका बारीक तपशिलाकडे वळू. सर्वांना शिजलेला भात, आणि ज्याला तो चालत नाही त्याला कोरडा शिधा, मसाल्यासह. राजा हे औदार्य म्हणून सांगतो, आणि ते औदार्य होतेही. परंतु शिजलेला भात कोणाला चालत नसे? भुकेल्या परैयाला तो चालत होता. वाट तुडवून आलेल्या बैराग्याला चालत होता. चालत नसे तो ज्याला दुसऱ्याच्या हातच्या अन्नाने विटाळ होतो त्याला. शिधा घेऊन, वेगळी चूल मांडून, आपल्या हाताने शिजवून खाणाऱ्यालाच मसाल्याची पुडी मिळत असे. पंगतीत बसणाऱ्याला हंड्यातून येईल ते गोड मानून घ्यायचे होते.

म्हणजे अन्नछत्रात मिरपूड मिळत होती. ती मागणारा लोचट भिकारी नव्हता. तो सामान्यतः प्रतिष्ठित पाहुणा होता, आणि पंगतीत न बसण्याच्या त्याच्या अधिकाराबरोबरच ती मिरपूड येत होती. आपल्या म्हणीने मात्र हसू वळवले ते दुसरीकडे. जो पंगतीत बसला आणि तरी काही मागितले, त्याच्याकडे! दान घेणाऱ्याने आवडनिवड सांगू नये, हा म्हणीचा दंडक आहे. आवडनिवड सांगणे हा माणूसपणाचा भाग आहे, आणि तो उंबरठ्यावर ठेवूनच छत्रात शिरायचे असते, असे ती म्हण शिकवते. म्हणी लोकांच्या असतात हे खरे, पण लोकांतल्या कोणाच्या, हे प्रत्येक म्हणीला विचारावे लागते.

या औदार्याच्या हंड्यात भात कोठून येत होता, हाही प्रश्न टाळता येत नाही. छत्रांना गावे आणि जमिनी तोडून दिलेल्या होत्या. त्या कावेरीच्या खोऱ्यातल्या, दक्षिणेचे भाताचे कोठार म्हणून नावाजलेल्या भूमीतल्या. ती भूमी कसणारे मजूर बहुतांशी अस्पृश्य मानलेल्या जातींचे होते. छत्राच्या दारात परैयाला भात मिळत होता, आणि त्या भाताचे रोप चिखलात त्याच्याच भाऊबंदांनी लावलेले होते. १९६८ च्या २५ डिसेंबरच्या रात्री, तेव्हा तंजावर जिल्ह्यात असलेल्या कीळवेण्मणि गावात ४४ दलितांना, त्यांत बहुतेक स्त्रिया व मुले होती, एका झोपडीत जाळून मारण्यात आले. त्यामागचा झगडा शेतमजुरांनी मजुरीत अधिक भात मागितल्याचा होता. छत्राचा काळ आणि ही रात्र यांत दीड शतकाहून अधिक अंतर आहे, आणि एकाचा दोष दुसऱ्याच्या माथी मारण्याचा येथे हेतू नाही. परंतु देणाऱ्याच्या मर्जीने मिळणारा भात आणि मागून घेतलेला भात यांत फरक किती, हे त्या भूमीने पाहिले आहे एवढे नोंदवणे भाग आहे.

४

छत्रांना कंपनीने जितके दुबळे केले नसेल तितके आगगाडीने केले. १८६१ मध्ये नागपट्टणम् ते तंजावर लोहमार्ग सुरू झाला. पुढच्या वर्षी तो तिरुच्चिरापळ्ळीस पोहोचला, आणि १९१४ मध्ये पांबनचा पूल झाल्यावर रामेश्वरचा यात्रेकरू थेट बेटावर उतरू लागला. पायी वाट ओसरली की वाटेवरच्या घंटेचा आवाजही ओसरतो. मधल्या काळात छत्रांच्या मालमत्तेचा कारभार जिल्ह्याच्या शासनाकडे गेला होता, आणि तिच्या उत्पन्नातून शाळा व दवाखाने यांना हातभार लागत राहिला. छत्राने अंगावर घेतलेली पंतोजीची व वैद्याची कामे टिकली, पंगत मात्र उठली.

प्रवाशाची भूक अर्थातच उठली नव्हती. तिला आता स्थानकावरचे उपाहारगृह आणि गावातला ‘कॉफी क्लब’ भेटला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी तमिळ मध्यमवर्गात कॉफीचे आगमन कसे झाले, तिच्याबद्दल वडीलधारे कसे कुरकुरले, आणि बघता बघता ती त्या वर्गाची ओळख कशी बनली, याचे मार्मिक चित्रण आ. इरा. वेंकटाचलपती यांनी केले आहे. कावेरीकाठच्या गावांत कॉफीला विशेष मान मिळाला. बारीक दळलेली पूड, तिच्यातून गाळलेला दाट अर्क, गाईचे ताजे दूध, आणि पेल्यातून डबऱ्यात, डबऱ्यातून पेल्यात उंचावरून ओतण्याची ती लयबद्ध क्रिया, हे सारे घरातल्या स्वयंपाकघरातून क्लबाच्या गल्ल्यापर्यंत आले.

येथे इतिहासाला एक नवे वळण लागण्याचा संभव होता. छत्रात देणारा उंच आणि घेणारा खाली असतो. हॉटेलात गिऱ्हाईक पैसे मोजते, आणि आण्याला जात नसते. ज्याने दाम मोजले त्याने मिरपूड मागितली तर त्याला कोण हसणार? विकत घेतलेल्या घासात एक प्रकारची मोकळीक असते. दानशूरांना ती कोरडी वाटते, पण उपकाराखाली वाकलेल्याला तीच मोकळीक माणूस म्हणून ताठ बसू देते.

परंतु जातीने हॉटेलातही आपले पान मांडले. मद्रास इलाख्यातली पुष्कळ उपाहारगृहे ‘ब्राह्मण’ या नावाने चालत. स्वयंपाकी ब्राह्मण असणे हे त्यांचे भूषण होते. अनेक ठिकाणी ब्राह्मणांसाठी आतली बसण्याची जागा वेगळी असे, आणि अस्पृश्य मानलेल्यांना तर दारच बंद असे. रेल्वेस्थानकांवरच्या उपाहारगृहांतही ब्राह्मण व ब्राह्मणेतर अशा स्वतंत्र जागा होत्या. पेरियार ई. वे. रामसामी यांच्या स्वाभिमान चळवळीने या पडद्यावर सातत्याने आघात केले, आणि १९४१ मध्ये रेल्वेच्या उपाहारगृहांतली ही विभागणी संपली. फलकांवरचा शब्द मात्र टिकून होता. १९५७ मध्ये मद्रासच्या तिरुवल्लिक्केणी भागातल्या मुरली कॅफेसमोर, फलकावरचे ‘ब्राह्मण’ हे विशेषण काढावे म्हणून सत्याग्रह सुरू झाला. महिनोन्‌महिने कार्यकर्ते स्वतःला अटक करून घेत राहिले, आणि अखेर तो शब्द उतरला. एका शब्दासाठी एवढा खटाटोप का, असे कोणाला वाटेल. पण फलकावरचा तो शब्द पदार्थाचे वर्णन करत नव्हता. आत कोणाचा हात चालतो आणि कोणाचा चालत नाही, हे तो सांगत होता. शिध्याची ती जुनी वेगळी चूल पाटीवर येऊन बसली होती.

५

हे सगळे दक्षिणेत घडले, आपल्याकडे नाही, असे समाधान मराठी वाचकाने करून घेऊ नये. आपल्याकडच्या गावोगावच्या चहाच्या हॉटेलांत बाहेर खुंटीला टांगलेला वेगळा कप होता. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त (१९८४) त्या वेगळ्या कपबशीचा आणि तिच्याविरुद्धच्या तक्रारीचा प्रसंग आहे. तमिळ खेड्यांतली दोन पेल्यांची पद्धत आणि हा वेगळा कप ही सख्खी भावंडे होत, आणि कायदा आल्यावरही दोघे कित्येक दशके जगली.

याच ठिकाणी भोसले कुळातल्याच दुसऱ्या एका गादीची आठवण होते. कोल्हापूरचे शाहू महाराज दत्तकविधानाने त्या गादीवर आले आणि १८९४ ते १९२२ पर्यंत त्यांनी राज्य केले. त्यांच्या पदरी असलेले गंगाराम कांबळे यांना पाण्याला शिवल्याबद्दल सवर्ण नोकरांनी मारहाण केली. महाराजांनी त्यांना स्वतःच्या पायावर उभे राहण्यास सांगून मदत केली, आणि गंगाराम यांनी कोल्हापुरात चहाचे हॉटेल उघडले. गावातले सवर्ण तेथे फिरकेनात. तेव्हा महाराज आपल्या लवाजम्यासह त्या हॉटेलापुढे थांबू लागले आणि गंगाराम यांच्या हातचा चहा पिऊ लागले. सोबतच्या मानकऱ्यांनाही तो प्यावा लागे.

सरफोजींची घंटा आणि शाहूंचा कप एकमेकांशेजारी ठेवून पाहिले तर पंगतीच्या इतिहासातले अंतर स्पष्ट होते. सरफोजींनी दिले, सर्वांना दिले, मध्यरात्रीपर्यंत दिले. ते देणे थोर होते. परंतु देणाऱ्याला आपली जागा सोडावी लागत नाही. वरून खाली दिलेल्या अन्नाने उतरंड मोडत नाही, कित्येकदा ती भक्कमच होते. शाहूंनी घेतले. ज्याच्या हातचे घेऊ नये असे शास्त्र आणि शेजार दोन्ही सांगत होते, त्याच्या हातचे भर रस्त्यावर घेतले. अस्पृश्यतेचे मर्म कोण कोणाला देतो यापेक्षा कोण कोणाचे स्वीकारतो यात आहे, हे त्या राजाला कळले होते. आणि त्याने यासाठी देवालय किंवा धर्मपरिषद न निवडता चहाचे हॉटेल निवडले, हेही अर्थपूर्ण आहे. देवळात प्रवेश मिळणे हा हक्काचा विषय होता, पण हॉटेलात गंगाराम कांबळे मालक होते आणि राजा गिऱ्हाईक.

१९५० मध्ये अमलात आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांच्या कारणावरून तेथे कोणालाही मज्जाव करता येणार नाही. स्वतंत्र राष्ट्राच्या मूलभूत हक्कांत विहिरी-तलावांबरोबर हॉटेलांचीही गणना व्हावी, याचे परकीय अभ्यासकाला नवल वाटेल. ज्याने छत्र, क्लब आणि खुंटीवरचा कप यांचा इतिहास वाचला आहे त्याला ते वाटणार नाही.

६

एका रविवारी मी ओरत्तनाडूला जाऊन मुक्ताम्बांचे छत्र पाहून आलो. वास्तू भव्य आहे. तिच्या प्रवेशाशी दगडात घडवलेले हत्तीघोडे रथ ओढत असल्याचा भास होतो, आणि आतल्या ओसऱ्यांची लांबी पाहिली की एका वेळी किती पाने मांडली जात असतील याचा अंदाज बांधण्याचा मोह होतो. कोणत्या ओसरीवर कोण बसत असे, हे मात्र दगड सांगत नाहीत. थोडा वेळ मी खांबाला टेकून बसलो. मध्यरात्रीची ती घंटा कोठे टांगलेली असेल, असे उगाच मनात आले.

दुपारी तंजावरला परतून स्थानकाजवळच्या एका साध्या खाणावळीत शिरलो. खाणावळ भरलेली होती. एक मुलगा पान टाकून पाणी शिंपडून गेला. समोरच्या बाकावर मंदिर पाहून आलेले एक मोठे कुटुंब होते, डाव्या हाताला अंगावर सिमेंटचे डाग असलेला एक गवंडी, उजवीकडे बहुधा कचेरीतला निवृत्त गृहस्थ. कोणी कोणाला काही विचारले नाही. पोरियल, कूट्टु, अप्पळम्, मग भाताचा ढीग, त्यावर सांबार. येथे मलाही ती संभाजीराजांची गोष्ट आठवली आणि ऐकायला जवळ कोणी नाही याचे बरे वाटले.

या दृश्यावरून फार मोठा निष्कर्ष काढू नये हे मला कळते. खाणावळीत एका बाकावर बसणारी माणसे एका आळीत राहत असतील असे नाही, आणि त्यांच्या घरच्या पंगती अजून वेगळ्या असतील. पैशाने उघडलेले दार पैसा नसलेल्याला बंदच असते, आणि तेथे छत्राची घंटा आठवते. तमिळनाडू राज्याने २०१३ पासून ‘अम्मा उणवगम्’ या नावाने अत्यल्प दरात इडली आणि भात देणारी उपाहारगृहे सुरू केली, त्यांत छत्र आणि हॉटेल यांचा मेळ घालण्याचा प्रयत्न दिसतो. भाव नाममात्र, पण भाव आहे. म्हणून खाणारा याचक नाही, गिऱ्हाईक आहे. छत्राकडून घंटा घ्यावी आणि हॉटेलाकडून मागण्याचा अधिकार घ्यावा, असा तो मार्ग आहे. तो कितपत टिकेल हे पुढचा इतिहासकार लिहील.

भात संपत आला तेव्हा वाढपी रसमचे भांडे घेऊन आला. तंजावरचे रसम मिऱ्याचे असते. वाढप्याने प्रत्येकाच्या पानावर ते ओतले. गवंड्याने ओंजळ करून थोडे वेगळे घेतले, प्याला, आणि पुन्हा हात पुढे केला. वाढप्याने भांडे तळापासून ढवळले, खाली बसलेली मिरपूड वर आणली, आणि त्याच्या ओंजळीत ओतली.